चार अंगुळांचं अंतर

खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या बाईला भेटायला येणाऱ्या बायका आधी तिच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. दोन्ही पाय सारखे दिसतात का, पाऊल बाहेर वळलंय का, चालताना एका अंगावर झुकते का. बघून झालं की मग विचारतात, "फार दुखतंय का गं?" आमच्या बेळगावात माणसं मायाळू आहेत, पण मनातलं मनात ठेवायची सवय नाही. एका अक्कांनी तर उंबऱ्यातूनच निकाल दिला, "एक पाय लांब करून पाठवलाय की गं तुला!"

त्या बोलल्या ते मलाही जाणवत होतंच. चौसष्टाव्या वर्षी माझा उजवा खुबा बदलला. त्याआधी सात-आठ वर्षं तो झिजत होता. सांध्यातली कूर्चा संपली, हाडावर हाड घासायला लागलं, आणि पाय हळूहळू आखूड होत गेला. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं डोकं काढून तिथं दांडा आणि गोळा बसवतात, कमरेच्या हाडात वाटी बसवतात. जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने 1962 च्या सुमारास ही रीत पक्की केली. धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी, कल्पना तीच. आता सामान बदललंय आणि दुसऱ्या दिवशीच चालवतात. वॉकर धरून उभी राहिले तेव्हा सांध्यातली ती जुनी कळ नव्हती. नव्हतीच! पण जमीन उजवीकडे जरा वर आलीय असं वाटायला लागलं.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला उताणी झोपवलं आणि टेप काढली. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत दोन्हीकडे मोजलं. फरक चार मिलिमीटर. मग बेंबीपासून दोन्ही घोट्यांपर्यंत मोजलं. आता फरक चांगला दोन सेंटिमीटर! "मावशी, पाय लांब नाही झालेला, कंबर तिरकी झालीय," ते म्हणाले. इतकी वर्षं आखूड पायावर लंगडत चालल्याने कमरेचे स्नायू एका बाजूला आवळून बसले होते. पाय मूळ लांबीला आला, पण स्नायूंना ते कुणी कळवलं नव्हतं. बाहेरच्या बाजूचे स्नायू कंबर खाली ओढत होते आणि मला वाटत होतं पाय वाढलाय.

खरा फरकही राहू शकतो. काही बायकांचा सेंटिमीटरभर राहतो आणि पुष्कळींना तो कळतही नाही. त्याहून जास्त असला तर चपलेत टाच घालावी लागते. माझी जाऊ दुसऱ्याच दिवशी मापाची टाच करून आणायला निघाली होती. डॉक्टरांनी थांबवलं. तिरक्या कमरेला टाचेचा टेकू दिला तर ती तिरकीच पक्की होते, काही महिने तरी थांबा म्हणाले. मला वेगळीच काळजी. टाच चपलेत. चपला बस्तीच्या दारात. मग आत गाभाऱ्यापर्यंत मी कुठल्या पायावर जाणार?

घरी येणारी फिजिओथेरपिस्ट पोरगी माझ्या नातीएवढी. तिने कपाटाच्या आरशासमोर दोन वजनकाटे शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाली, "काकू, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवा. सरळ समोर बघा, खाली नाही." मला वाटलं मी अगदी सरळ उभी आहे. तिने आकडे वाचले. डाव्यावर अडतीस किलो, उजव्यावर चोवीस. उजवा गुडघा किंचित वाकलेला, पाऊल बाहेर वळलेलं. दुखणं गेलं तरी शरीर त्या पायावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. पोळ्या लाटतानासुद्धा सगळा भार डाव्यावर. मग रोज सकाळी तोच उद्योग. दोन्ही आकडे एकतीसवर येईपर्यंत उभं राहायचं, मग न बघता तसंच उभं राहायचं, मग बघायचं. त्याच्या जोडीला ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं, कारण खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा असला की त्या पायावर उभं राहताना दुसरीकडची कंबर खाली पडते आणि बाई बदकासारखी डुलत चालते. काठी धरायची ती चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

मनाई मात्र मोठी होती. माझा छेद मागच्या बाजूने घेतलेला, म्हणून पहिले तीन महिने खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या तर गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. पुढून छेद घेतला असेल तर पथ्यं निराळी, तेव्हा शेजारणीचा कागद बघून चालू नका, आपल्या डॉक्टरांनाच विचारा. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्ची अशी उंच, की गुडघे खुब्याच्या खाली राहतील. भारतीय पद्धतीचा संडास बंद.

आता आपल्या बायकांच्या धर्माचरणात काय काय येतं ते बघा. महाराजांना किंवा माताजींना आपण गवासनात नमस्कार करतो, म्हणजे दोन्ही पाय एका अंगाला दुमडून, गाईसारखं बसून, कपाळ जमिनीपर्यंत. पाय उजवीकडे दुमडले की उजवा खुबा वाकतो, आतही वळतो, आणि वर आपण पुढे झुकतो. मनाई केलेल्या गोष्टी एकाच नमस्कारात! पडगाहनात तीन प्रदक्षिणा. प्रदक्षिणा उजवीकडे वळत जाते. उजवं पाऊल रोवून त्यावर अंग फिरवलं की सांधा आतच वळतो. "पायावर गिरकी नको, छोटी-छोटी पावलं टाकत वळा," हे त्या पोरीने शिकवलं, तिला पडगाहन म्हणजे काय ते मी शिकवलं.

चातुर्मासात माताजी आल्या तेव्हा मी मागे, खुर्चीवाल्या बायकांच्या रांगेत. ती रांग दरवर्षी लांबतेय, पण तिथं बसणं अजून कमीपणाचं वाटतं. माताजी पाटावर खाली आणि आपण खुर्चीत वर, हे मनाला टोचतं. मी उभ्यानेच हात जोडले आणि रडू आलं. शेजारच्या वैनी म्हणाल्या, "देहाचं एवढं काय मनावर घ्यायचं? तो तर परका." खरंय. पण आपल्याकडे साधूंची सगळी चर्या या परक्या देहाच्या पायांवर चालते. विहार पायी, आहार उभ्याने, तोही हातावर. भोजच्या शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली ती दृष्टी गेल्यामुळे. वाटेवरचा जीव दिसेना, मग चालणार कसं? देह परका म्हणणाऱ्यांनीच त्याचा असा चोख हिशेब ठेवला. मी वैनींना हे सगळं बोलले नाही, पण रडू थांबलं.

कायोत्सर्गाचं मात्र उलट झालं. शास्त्रात सांगितलंय की दोन पावलांत चार अंगुळं अंतर ठेवून समपाद उभं राहायचं, हात सैल सोडायचे. पावलं सरळ, गुडघे ताठ, भार दोन्हींवर सारखा. माझ्या फिजिओथेरपीच्या कागदावर दुसरं काय लिहिलं होतं? माझ्या खोलीत श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचं कॅलेंडर आहे. पायांवर वेली चढल्यात, पण भार कुठे डावी-उजवीकडे झुकलेला नाही. त्या पावलांकडे मी जन्मभर दर्शनाला बघितलं, या वर्षी अभ्यासाला बघितलं. नऊ णमोकार, सत्तावीस श्वास. पहिल्या महिन्यात तिसऱ्या णमोकारालाच कंबर डावीकडे सरकायची.

आता आठ महिने झाले. परवा बेंबीपासूनचा फरक मोजला, पाऊण सेंटिमीटरवर आलाय. टाच लागली नाही. गवासन नाहीच, आणि डॉक्टरांच्या मते ते न केलेलंच बरं. मांडी घालायची परवानगी मागितली तर म्हणाले, वर्ष होऊ दे, मग एक्स-रे बघून ठरवू. तोवर सामायिक खुर्चीत आणि कायोत्सर्ग उभ्याने, तीन वेळा, कशाला न टेकता.

सांगलीच्या माझ्या मामेबहिणीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डावा खुबा. उंच कमोडची खुर्ची, दोन जाड उशा आणि ते वजनकाटे तिच्याकडे धाडलेत. तिला एवढंच कळवलंय, की भेटायला येणाऱ्या बायका लांबी मोजायला लागल्या तर हातात टेप द्यायची आणि बेंबीपासून मोजायला सांगायचं नाही.