भिंतीबाहेरचें मैदान

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर उभें राहतें, निदान महाबळेश्वर तरी. प्रस्तुत लेखकाचा प्रवास मात्र मध्य रेल्वेच्या एका लहानशा तिकिटांत मावणारा आहे. गेल्या थंडींत दोन दिवसांच्या मुक्कामासाठीं मी करी रोडला आतेबहिणीच्या घरीं गेलों होतों. गेलों सहज, आणि परत आलों तो एक वाद मनांत घेऊन. तो वाद त्या एका घराचा नव्हे, साऱ्या वस्तीचा आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणें प्रत्येक वाढत्या शहराचा आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवतों.

करी रोड या नांवाचा कढीशीं कांहीं संबंध नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील करी नांवाच्या एका रेल्वे एजंटावरून तें पडलें. रस्त्याचें नांव आतां महादेव पालव मार्ग आहे, आणि स्टेशनाला लालबाग म्हणावें असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला. परंतु लोकांच्या जिभेवरून करी रोड कांहीं उतरत नाहीं. स्टेशन लहानसें. पूर्वेस गेलें कीं भारतमाता चित्रपटगृहाचा नाका आणि लालबाग. पश्चिमेस गेलें कीं ना. म. जोशी मार्ग, ज्याला जुनीं माणसें अजून डिलाईल रोडच म्हणतात. १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारवस्तींत शाळा आणि वाचनालयें नेणाऱ्या नारायण मल्हार जोश्यांचें नांव याच रस्त्याला मिळावें, हें योग्यच झालें.

या परिसरांत एके काळीं गिरणीचा भोंगा हेंच घड्याळ होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर एकामागून एक भोंगे मुके झाले. उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियमावलींतील ५८ व्या नियमानें तिची वांटणी ठरली होती: ढोबळ मानानें एक तृतीयांश महानगरपालिकेस मोकळ्या जागांसाठीं, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठीं, उरलेली मालकास. मुंबईच्या ऐन मध्यावर बागा आणि क्रीडांगणें होण्याचा तसा योग पुन्हा येणें नव्हतें. पण २००१ सालीं नियम बदलला, आणि वांटणी केवळ ज्या जागेवर बांधकाम नव्हतें तेवढ्यापुरती राहिली. गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या शेडी. त्यांत मोकळें तें किती निघणार? वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. मार्च २००६ मध्यें न्यायालयानें बदललेला नियमच ग्राह्य धरला. आज करी रोडच्या पुलावर उभें राहून पाहिलें तर धुराडीं दिसतात दोन-चार, आणि कांचेचे मनोरे मोजतां मोजतां मान दुखूं लागते. मैदान मात्र शोधावें लागतें.

आमच्या अक्काचें घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिचे सासरे, ज्यांना सारी चाळ अण्णा म्हणते, एका गिरणीच्या हिशेबखात्यांत कारकून होते. माझा भाचा कॉलेजांत जातो आणि फुटबॉलवांचून त्याला दुसरें दैवत नाहीं. मी पोहोंचलों तेव्हां वर्तमानपत्र मध्यें ठेवून तिघांची सभा भरलेली होती. विषय होता महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान.

ज्या वाचकांना ही हकीकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. भायखळ्याला होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती १८८३ च्या सुमारास महालक्ष्मीच्या दलदलीवर आल्या. तें सुमारें २११ एकरांचें मैदान टर्फ क्लबकडे भाडेपट्ट्यानें होतें. तो पट्टा २०१३ सालीं संपला, आणि या जागेवर उद्यान करावें, मनोरंजन-नगरी करावी, कीं आहे तसेंच राहूं द्यावें, याचा खल पुढें दहा वर्षें चालला. अखेर २०२४ सालीं सुमारें १२० एकर महानगरपालिकेकडे आले आणि उरलेल्या ९१ एकरांचा पट्टा क्लबला २०५३ पर्यंत वाढवून मिळाला. सागरी किनारा मार्गालगत भरणी करून काढलेली जागा जोडून जवळजवळ ३०० एकरांचें उद्यान करावयाचें, वर हिरवळ राखावयाची आणि जमिनीच्या पोटांत क्रीडासंकुल बांधावयाचें, अशी योजना त्यानंतर पुढें आली. वरळी-महालक्ष्मीच्या अनेक रहिवाशांनीं आरंभापासून एकच शंका काढली आहे: उद्यानाच्या नांवाखालीं बांधकाम तर शिरणार नाहीं ना?

भाच्याला शंका मुळींच नव्हती. "मामा, आम्हीं खेळावें कोठें, तें तुम्हीच सांगा. परळचें सेंट झेवियर्सचें मैदान आहे, तेथें लीगचे सामने असतात. जाळी लावलेल्या टर्फवर तासाचे पैसे मोजावे लागतात, आणि अकरा जणांची वर्गणी गोळा होईपर्यंत तास दुसराच कोणी घेतो. जमिनीखालीं बांधा, नाहीं तर आकाशांत बांधा. पण एकदां बांधा!"

अक्कानें हातांतील चहाचा पेला खालीं ठेवला. "बांधा म्हणायला काय जातें? सामना सुटला कीं हजारों माणसें एकदम बाहेर पडतात. तीं जायचीं कोणत्या पुलानें?"

तिच्या या प्रश्नावर कोणी हंसलें नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं, पलीकडच्याच परळ स्टेशनाला जोडणाऱ्या एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्या सकाळीं आमचे भावोजी त्याच वाटेनें कामावर निघाले होते आणि दोन तास त्यांचा फोन लागला नव्हता. पुढें लष्कराच्या अभियंत्यांनीं जे पादचारी पूल घाईनें उभारले त्यांतील एक करी रोडचा. फेब्रुवारी २०१८ मध्यें तो खुला झाला. अक्का रोज त्यावरून भाजी आणते. गर्दी म्हणजे काय, हें तिला नकाशावरून शिकावें लागत नाहीं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सूनबाई, गर्दीला आपण भीत नाहीं. १९३४ सालापासून लालबागचा राजा बसतो. दहा दिवस लक्षावधि माणसें येतात. आपण त्यांना पाणी देतों, चुकलेलीं मुलें शोधून देतों. ती गर्दी आपल्या दारीं आलेली असते. आपण तिचे यजमान असतों. स्टेडियमची गर्दी आपल्या दारावरून जाते. तिला पाहायचें असतें भिंतीच्या आंत. आपण वाटेंतली अडचण."

"मामंजी, त्या दहा दिवसांतसुद्धां आजारी माणूस दवाखान्यांत न्यायचा म्हणजे काय होतें, तें विसरलांत वाटतें!" अक्का म्हणाली. अण्णांनीं मान हलविली. यजमानालाही दमायला होतें, हें त्यांना मान्य होतें.

त्यांच्या बोलण्यांतील भिंत हा शब्द माझ्या मनांत घोळत राहिला. कारण मुंबईच्या क्रीडांगणांचा इतिहास पाहूं गेलें तर तो बराचसा भिंतींचाच इतिहास आहे. १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नांवाचें जें खातें निघालें, त्यानें दोन कामें हातीं घेतलीं. एक, कामगारांसाठीं चाळी. त्यांपैकीं ३२ याच ना. म. जोशी मार्गावर झाल्या आणि एकेका खोलीचें क्षेत्र होतें १६० चौरस फूट. दुसरें, बॅकबेचा समुद्र बुजविणें. त्या बुजविलेल्या जमिनीवर १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें. तोंवर मोठे सामने जिमखान्यांच्या मैदानांवर, तंबू ठोकून होत. स्टेडियम झालें आणि पहिल्याच वर्षीं भांडण लागलें तें खेळाचें नव्हे, बैठकींचें: आपल्या वांट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदूंचा संघ पंचरंगी सामन्यांतून बाहेर राहिला. पुढें १९७० नंतर तिकिटांच्या वांटपावरूनच क्रिकेट क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचें बिनसलें, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें हाकेच्या अंतरावर दुसरें स्टेडियम बांधण्यांत आलें. जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडचें अभिनंदन करण्यास धांवलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनीं मारलें, आणि कोऱ्या स्टेडियमांत दंगल उसळली. एका खुर्चीपायीं एका शहरानें शेजारीं शेजारीं दोन स्टेडियमें बांधलीं. आणि त्याच खात्याच्या चाळींतील मुलें जिन्याखालीं चेंडू फेंकत राहिलीं.

हें सर्व मी सांगितलें तेव्हां अण्णा म्हणाले, "म्हणून तर आमच्याकडे कबड्डी वाढली. गणित करून पाहा." हिशेबखात्यांतील मनुष्य, त्यांनीं वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीनें आंकडे मांडले. कबड्डीचें पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. फुटबॉलचें पुऱ्या मापाचें मैदान १०५ गुणिलें ६८, म्हणजे ७१४० चौरस मीटर. एका फुटबॉलच्या जागेंत कबड्डीचीं जवळजवळ ५५ मैदानें! लालबाग-परळच्या पोरांनीं कबड्डी निवडली असें आपण कौतुकानें म्हणतों. त्यांत आवड होतीच, पण निवड किती होती, हा प्रश्नच आहे. दोन चाळींमधल्या पट्टींत जो खेळ मावला तो त्यांनीं खेळला, आणि त्यांत नांव काढलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटें आम्ही तिघे, अण्णा, भाचा आणि मी, महालक्ष्मीला चालत गेलों. ना. म. जोशी मार्गानें दक्षिणेस सात रस्ता, तेथून पश्चिमेस वळून रेल्वेचा पूल. पुलावरून धोबीघाटाच्या दगडी कुंड्या दिसतात. त्या वेळींही कपडे आपटण्याचा आवाज चालू होता. पूल उतरून थोडें गेलें कीं एकाएकीं आकाश मोठें होतें. करी रोडहून येणाऱ्याला तो क्षण शब्दांत सांगणें कठीण. हवेंत दंव होतें, घोड्यांच्या टापांचा मऊ आवाज येत होता, आणि कडेच्या वाटेनें म्हातारीं माणसें, तरुण मुली, लठ्ठ गृहस्थ, सारीं आपापल्या गतीनें फिरत होतीं. अण्णांनीं चपला काढल्या आणि गवतावर पाय ठेवला. नोकरीच्या दिवसांत येथवर येण्याची सवड त्यांना क्वचितच मिळाली होती.

भाचा चेंडू काखेंत धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मामा, हें सगळें असेंच राहिलें तरी चालेल. फक्त एका कोपऱ्यांत दोन गोलांचे खांब पुरून दिले तर?"

आदल्या सायंकाळीं जमिनीच्या पोटांत संकुल मागणारा हाच मुलगा! मला एकदम दादरचें शिवाजी पार्क आठवलें. १९२५ सालीं खुल्या झालेल्या त्या मैदानाला उंच भिंत नाहीं, कट्टा आहे. कट्ट्यावर बसलेला मनुष्य आंतलाही असतो आणि बाहेरचाही. तेथील रहिवासी सभांच्या ध्वनिक्षेपकांना कंटाळून न्यायालयांत गेले आणि २०१० सालीं तो शांतताक्षेत्र ठरला. पण त्यांनीं खेळाविरुद्ध तक्रार केली नाहीं. फलंदाजाच्या टोल्याचा आवाज कोणाच्या झोपेच्या आड आला नाहीं. शेजाऱ्याला खेळाचें वावडें नसतें. आपल्या दारासमोरची जागा एके दिवशीं परक्याची होते, आणि आपल्याला तिच्याभोंवतीं वळसा घालून जावें लागतें, याचें त्याला दुःख असतें.

अर्थात् स्टेडियम वाईटच, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. १८९१ पासूनच्या रोव्हर्स कपाच्या आठवणी सांगतांना जुन्या मुंबईकरांचे डोळे अजून चमकतात, आणि कूपरेजच्या पायऱ्या नसत्या तर तो आनंद इतक्यांना मिळाला नसता. परंतु पाहण्याचें मैदान आणि खेळण्याचें मैदान या दोन निराळ्या गरजा आहेत; आणि ज्या वस्तीला दुसरें मिळालेलें नाहीं, तिला पहिलें देऊन तिचें समाधान करूं नये. शिवाय मैदानाबरोबर पूल मोजावे, जिने मोजावे, अक्कासारख्या बायांना विचारावें. त्यांचें उत्तर आराखड्यांत येण्याजोगें असतें.

ऊन वर आलें तसे आम्ही परतलों. फाटकाशीं अण्णा थांबले आणि मागें वळून बराच वेळ पाहत राहिले. मीं विचारलें, "काय पाहतां, अण्णा?"

"फाटकें किती आहेत तें मोजतों," ते म्हणाले. "आमच्या गिरणीलाही मैदानाएवढी जागा होती. फाटक मात्र एकच होतें, आणि किल्ली कधीं आमच्याकडे नव्हती."

भाच्यानें चेंडू रस्त्यावर एकदां आपटला, पुन्हा काखेंत घेतला, आणि आम्ही गर्दींत शिरलों.