मंद वाऱ्याचं गणित

मी सिलतऱ्यात कारखान्यांतल्या मोठ्या पंख्यांची देखभाल करतो, म्हणून वाऱ्याचं काहीही मलाच विचारायचं, असा घरचा रिवाज. मोरजीमला काइट सर्फिंग शिकलेल्या भाच्याला आता फॉइलवर पॅराविंग चालवायचंय. पॅराविंग म्हणजे दोऱ्या आणि दांडी लावलेलं, हवा न भरता उडणारं एकपदरी कापड. लाटेची चाल मिळाली की गोळा करून कमरेच्या पिशवीत कोंबायचं. त्याचा प्रश्न : "मामा, मंद वाऱ्यासाठी केवढं घेऊ?"

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की जोर चौथाई उरतो. तेवढीच ओढ हवी तर कापड चौपट लागेल, आणि एवढं कापड पाण्यात सावरणं कठीण. म्हणून म्हटलं, कापड थोडंच वाढव, खाली बघ. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. फॉइलचा पुढचा पंख मोठा आणि फळी लांब-अरुंद असली, की कमी वेगातही फळी पाण्यावर उचलली जाते. मग तुझ्या वेगाने कापडाला लागणारा वाराही वाढतो.

आमच्याकडे हिवाळ्यात पहाटे वारा पडतो, तेव्हा स्पंज आयर्नची काजळी गच्चीवर उतरते आणि आईचा दमा उसळतो. भाचा धावून स्वतःचा वारा वाढवू शकतो. आईला खाटेवर ते जमत नाही. तिच्यासाठीही उत्तर खालीच आहे : धुराड्याच्या पायथ्याशी, धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांत. त्या फाटण्याआधी बदलायच्या आणि पंखा सुरू ठेवायचा. वारा काही आपल्या हातात नाही.