गोधडीतलं आइस्क्रीम

इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर. राऊ, महू, मानपूर, मग घाट, खाली गुजरी, पुढे धामनोदला डावीकडे वळायचं. मानपूरपर्यंत माळवा असतो, मे महिन्यातही सकाळी खिडकी उघडी ठेवता येते. घाट उतरला की निमाड. तिथं खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं.

महेश्वरला आमची आत्या असते. लग्न होऊन गेली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. दर उन्हाळ्यात ती माहेरी यायची आणि ती आली की माळ्यावरून आइस्क्रीमचं पॉट खाली निघायचं. लाकडी बादली, मधे कल्हईचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. सगळी मुलं आळीपाळीनं दांडा फिरवायची, तो जड झाला की आत्या सगळ्यांना बाजूला सारून स्वतः बसायची. शेवटची वीस मिनिटं तिची. आता गुडघ्यांमुळे तिचं येणं बंद झालंय. आजी गेली त्या वर्षी तिनं फोनवर विचारलं, "पॉट आहे ना गं अजून? भंगारात नाही ना दिलंत?"

पॉट होतं, पण बादली सुकून फळ्यांमध्ये फटी पडलेल्या. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात मी मिक्सरमध्येच आंब्याचं आइस्क्रीम केलं, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं आणि सकाळी थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून त्यात डबा बसवला. बाबा शेजारी बसले. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, दीड तास जागच्या जागी. तरी मी निश्चिंत होते, कारण खोक्यात बर्फ भरपूर होता.

महेश्वरला पोचून खोकं उघडलं. अर्ध्याहून जास्त बर्फ शिल्लक होता आणि आइस्क्रीम मात्र कडेनं पातळ झालेलं, मधे एक मऊ गोळा तरंगत होता. वाट्या येईपर्यंत तोही गेला. आत्यानं ते कपात ओतून घेतलं आणि म्हणाली, "आमरस छान झालाय हो." दोन कप प्यायली. तिनं नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

बर्फ शिल्लक आणि आइस्क्रीम पातळ, हे कसं? दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या बाईला हे चार दिवस कळलं नाही. उत्तर अगदी साधं आहे. बर्फ वितळतो शून्य अंशाला. आइस्क्रीममध्ये साखर असते, त्यामुळे ते शून्याच्या खालीच वितळायला लागतं आणि घट्ट राहायला उणे बारा-पंधरा तरी लागतं. म्हणजे माझा बर्फ आइस्क्रीमच्या मानानं गरमच होता! त्या निळ्या जेलच्या पिशव्यांचंही तेच, बहुतेक शून्याच्या आसपासच वितळतात. श्रीखंड, बासुंदी, पन्हं न्यायला उत्तम, आइस्क्रीमला नाही.

आणि आजी बर्फात खडेमीठ घालायची ते आम्ही लहानपणापासून बघत होतो. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. तीन भाग कुटलेला बर्फ, एक भाग खडेमीठ. नीट जमलं तर उणे पंधराच्याही खाली जातं. हे सगळं शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

या वर्षी तयारी केली. ड्राय आइसचा विचार आला होता. तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा, पण त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बंद गाडीत मागे माझी सहा वर्षांची मुलगी बसणार. नकोच. रिकामं खोकं आदल्या रात्री बर्फ घालून गार केलं. आजीचा कडीचा स्टीलचा डबा घेतला, काठोकाठ भरला आणि कुल्फीवाले साच्याला लावतात तशी झाकणाभोवती मळलेली कणीक लावली, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की सगळं फुकट. खाली, बाजूंनी आणि वरूनही मीठ-बर्फ. फटींत वर्तमानपत्राचे बोळे. त्यावर आजीची गोधडी चारी बाजूंनी गुंडाळली. ऊब देणारी गोधडी गारवा कसा राखेल, असं मुलीनं विचारलं. मी म्हटलं, गोधडी ऊब देत नाही गं, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. खोकं डिकीत ठेवलं नाही, तिथं ताप फार असतो. मागच्या सीटखाली, एसीच्या वाऱ्यात. मुलीला एकच काम, उघडून बघायचं नाही.

उतरायला आता वेगळा नवा रस्ता झालाय, घाटात अडकलो नाही. तरी बाबा धामनोदपर्यंत गप्पच होते.

आत्या ओट्यावर बसली होती. कणीक खरवडून कडी काढली. तिनं हात पुढे केला, चमचा घेतला आणि मधोमध खुपसला. चमचा उभा राहिला. ती काही बोलली नाही, पहिला घास बराच वेळ तोंडात धरून बसली. बाबा उगाच नर्मदेकडे बघत होते.

मग म्हणाली, "रवाळ झालंय. मिक्सरचं ना?"

"हो."

"पुढच्या वेळी आइस्क्रीम आणू नकोस. पॉट आण. बर्फ इथं मिळतो, मीठ इथं मिळतं. बसल्या जागी दांडा फिरवायला गुडघे कशाला लागतात?" आणि मी खोकं उचलून निघाले तशी मागून हाक, "ते खारं पाणी तुळशीत ओतशील!"

घरी आल्यावर पॉटचा डबा कल्हईला द्यायला काढलाय. कल्हईवाला शोधायलाच आठवडा गेला. लाकडी बादली पाणी भरून अंगणात ठेवली आहे. फळ्या फुगल्या की फटी बुजतात, असं बाबा म्हणतात. आज तिसरा दिवस, अजून थोडी गळते.