लाखेचा थर

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना ओल, वटवाघळे आणि धूर यांनी जितके छळले, जवळजवळ तितकेच त्यांच्या हितचिंतकांनीही छळले. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत; खडबडीत कातळावर भुसा व वनस्पतींचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर गेरू, हिरवी माती, काजळी असे रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात, म्हणजे बंधकात, घोटून लावलेले, अशी त्यांची घडण आहे. रंग भिंतीत मुरलेला नसून भिंतीवर बसलेला असल्यामुळे त्याला धरून ठेवण्याची घाई प्रत्येक पिढीला झाली.

१८७२ नंतर मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह नकला करताना जॉन ग्रिफिथ्स यांनी रेषा उठून दिसाव्यात म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवले. (त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या, व्हार्निश भिंतीवर राहिले.) पुढे निजामाच्या राजवटीने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात सुटलेला गिलावा पुन्हा कातळाला बसवला, हे त्यांचे मोठेच ऋण, मात्र त्यांनी रंगावर लाखेचा लेपही दिला. लाख ताजेपणी पारदर्शक दिसते, पण वयाबरोबर ती तपकिरी होते, आक्रसताना खालचा रंग उपसते, आणि ज्या मद्यार्कात आरंभी सहज विरघळते त्याला पुढे दाद देत नाही.

इंग्लंडमधील मध्ययुगीन गावचर्चमध्येही असेच घडले. तेथील भित्तिचित्रे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात चुन्याखाली गाडली गेली. ती पुन्हा उजेडात आल्यावर, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ई. डब्ल्यू. ट्रिस्ट्रम यांनी त्यांतील अनेकांवर मेण चढवले, आणि त्या मेणाने भिंतीतली ओल कोंडून धूळ धरल्यामुळे पुढील संवर्धकांना आधी ते मेणच काढावे लागले. तिरस्काराने फासलेला चुना मायेने लावलेल्या मेणापेक्षा चित्रांना अधिक मानवला, असेच म्हणावे लागते.

अजिंठ्यातही आधुनिक संवर्धकांच्या कामाचा मोठा भाग पूर्वसुरींनी दिलेले लेप विद्रावकांनी हळूहळू उतरवण्यात गेला. दहाव्या लेण्यातील, म्हणजे प्रार्थनेसाठी खोदलेल्या चैत्यगृहातील, एका खांबावर मात्र विद्रावकाचा उपयोग नाही: तेथे रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये आपले नाव खरडले आहे. ते बुजवावे तर लेणी पुन्हा उजेडात आल्याचा पुरावा जातो आणि ठेवावे तर बुद्धावरचा ओरखडा राहतो. तूर्त तो राहिला आहे.