आईने दिलेली विद्या

11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत गिरगाव चौपाटीवर विधवांसाठी 'शारदा सदन' उघडलं. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. सदनाचं मूळ मात्र त्याआधी पंधरा वर्षं, सोळा वर्षांच्या एका मुलीच्या दुःखात सापडतं.

रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे ते थकले, तेव्हा धाकट्या रमेला लक्ष्मीबाईंनीच शिकवलं. भल्या पहाटे लेकीला उठवून त्या पाठ घेत. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. त्यावरच पोट चाले. दुष्काळ पडला आणि तेही थांबलं. 1874 मध्ये आधी वडील गेले, मग आई. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईच्या वेळी खांदेकरी पुरेनात. भाऊ श्रीनिवास आणि दोन दयाळू ब्राह्मण, चौथी रमा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा आपल्या वाटचा भार तिने डोक्यावर घेतला.

बसून रडावं असं घरच उरलं नव्हतं.

बहीणभाऊ अर्धपोटी चालत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. त्या गौरवात लक्ष्मीबाईंच्या पहाटेच्या पाठांचा वाटा मोठा होता. पोरक्या लेकीकडे आईचा दागिना नव्हता, होती ती विद्या. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारीही. पदरात तान्ही लेक मनोरमा.

रमाबाईंबद्दल बोलताना आपण त्यांच्या ख्रिस्ती धर्मांतराच्या वादातच अडकतो. ती सोळा वर्षांची मुलगी नजरेआड होते, हा तिच्यावर अन्यायच आहे. शारदा सदनात त्यांनी विधवांना जे दिलं, ते आईकडून मिळालेलंच होतं. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई बालविधवा होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला.

सदन 1890 मध्ये पुण्याला हललं. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने खंगलेल्या, आईबापाविना उरलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणलं, जेवू घातलं, शिकवलं. त्यांनी उभारलेली केडगावची 'मुक्ती' संस्था आजही निराधार मुलींना आणि स्त्रियांना आसरा देते.