हिंदू कॉलनीतला वारा

मे महिन्यात भाचीच्या डोहाळजेवणाला दादरला जाणं झालं. वन्संचं घर हिंदू कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. जुनी इमारत, लिफ्ट नाही, लाकडी जिन्याचा कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. कऱ्हाडहून निघताना आमच्याकडे सगळे म्हणत होते, "मुंबईच्या उकाड्यात आठ दिवस कसे काढणार?" पण खरं सांगते, पहिल्याच दुपारी चटईवर टेकले आणि चक्क डोळा लागला. समोरच्या खिडकीतून आलेला वारा मागच्या गॅलरीतून बाहेर पडत होता, दोरीवरच्या साड्या संथ हलत होत्या.

उठल्यावर मी म्हटलं, "वन्सं, एसी नाही तरी घर कसं गार आहे हो तुमचं!"

त्या हसल्या. "अगं, हा वारा आम्हांला प्लेगनं दिलाय!"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचे यजमान बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते मला कॉलनीच्या गल्ल्यांतून हिंडवायला घेऊन निघाले आणि सगळी हकीकत सांगितली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढं ही साथ पुण्याला गेली. तिथं रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. मुंबईत तेव्हा एकाला एक चिकटलेल्या चाळी, मधल्या बोळांतून वाहणारी घाण, आणि दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल अशा खोल्या. सरकारनं १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्यानं प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि गर्दी उपनगरांकडे वळावी म्हणून दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथं नव्या वसाहती आखल्या. आपली हिंदू कॉलनी त्यांतलीच. शेजारच्या पारशी कॉलनीसाठी ट्रस्टमधल्याच मंचेरजी जोशी या इंजिनिअरनं खटपट केली. त्यांचंच नाव आज पाच बागांना आहे. आम्ही तिथल्या बाकावर टेकलो तेव्हा झाडांखाली म्हातारी माणसं गप्पा मारत होती, पोरं सायकली फिरवत होती. मुंबईत आहोत असं वाटेचना.

"पण गंमत बघा," ते म्हणाले, "दूषित हवेनं प्लेग होतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. पुढं कळलं की तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे निदान चुकलं होतं, पण औषध दुसऱ्याच दुखण्याला लागू पडलं. उजेड-वारा लागतो तो क्षयासाठी!"

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले दोन उंच डबे टेबलावर समोरासमोर मांडले. ट्रस्टनं घरांसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम केला होता म्हणे. मी घाबरलेच, भूमिती शाळेतच सुटलेली! पण नियम अगदी सोपा. भिंतीच्या पायथ्यापासून वर बघताना त्या कोनात आकाश दिसलं पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. डबा दोन वीत उंच, तर मधली जागा एक वीत. म्हणजे तळमजल्यालाही उजेड मिळतो.

ट्रस्टचं सगळंच चांगलं होतं असं नाही. त्यानं जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, आणि उठवलेली गोरगरीब माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं राहिली. पण निम्म्या अंतराची ती गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली.

आणि दोनच दिवसांनी तिचा अर्थ कळला.

वन्संकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची लेक गोवंडीच्या बाजूला एका पुनर्वसन वसाहतीत राहते. तिला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा वन्संनी लाडू केले, आणि मावशींबरोबर मीही निघाले. कुर्ल्याला हार्बरची गाडी बदलून गोवंडी, पुढं रिक्षा. आठ मजली इमारतींच्या रांगा, आणि दोन इमारतींमध्ये अंतर किती? जेमतेम दहा फूट! डब्यांच्या हिशेबानं पस्तीस तरी हवेत. त्या फटीत वरून टाकलेला कचरा साचलेला.

लेकीचं घर तळमजल्यावर. सकाळचे अकरा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट चालू होती. भिंतीला ओल, कोपऱ्यात बुरशी. चार वर्षांचा मुलगा पलंगावर गाडी खेळत होता.

"झोपडीत पत्रा तापायचा ताई," ती म्हणाली, "पण दार टाकलं उघडं की वारा यायचा. इथं नळ आहे, स्वतःचा संडास आहे, त्याचं सुख आहेच. डॉक्टर म्हणतात खिडकी उघडी ठेवा. कशी ठेवू? उघडली की घाण आणि घुशी."

मला काय बोलावं सुचेना. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. हवा खेळती असली की ते पांगतात, ऊन आलं की मरतात. कोंदट खोलीत मात्र ते तसेच तरंगत राहतात आणि घरातल्या दुसऱ्याच्या छातीत जातात. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी याच भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींत चार हजारांवर घरांची पाहणी केली. जिथं इमारती दाट आणि उजेड-वारा कमी, तिथं क्षयाचे रोगी जास्त, असं २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलेला धडा आपण विसरलो, दुसरं काय! झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत मोकळ्या जागेलाच कात्री लागली.

मुलाला प्रतिबंधक गोळ्या चालू आहेत ना, एवढं मी विचारलं. चालू होत्या. "औषध मध्येच सोडू नकोस हं," म्हणत निघाले.

गाडीत बसल्यावर मला आमचाच फ्लॅट आठवला. कऱ्हाडला एका नव्या इमारतीत दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरत होतं. नकाशात मुलीच्या अभ्यासाच्या खोलीला खिडकी होती खरी, पण ती उघडत होती डक्टमध्ये. मी म्हटलं होतं, "चालेल, आपण पंखा लावू."

घरी येताच स्वयंपाकघरातले दोन डबे काढले आणि यजमानांपुढं मांडले. आधी हसले, मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही जागेवर गेलो. त्या खोलीत दिवा लावल्याशिवाय छापलेलं अक्षर दिसेना. बयाणा दिला नव्हता, हेच नशीब. बिल्डर म्हणाला, "वहिनी, तिथं एसी बसवून घ्या की!" एसी गार करील हो, पण बंद खोलीत बाहेरची ताजी हवा आणील का? आणि विजेचं बिल जन्मभर भरायचं ते वेगळंच.

मैत्रिणींनो, आपण घर बघायला जातो तेव्हा ओटा केवढा आणि फरशी कुठली, हे आधी बघतो. त्याआधी खिडकी उघडा. समोरची भिंत किती उंच आणि किती लांब, ते बघा. वारा एका बाजूनं आला तर दुसऱ्या बाजूनं जायला वाट आहे का, मोरीची खिडकी मोकळ्यावर उघडते का, तेही बघा. आणि दिवसा, दिवे बंद करून बघा.

आम्ही शेवटी जरा लहान, पण पूर्वेला खिडकी असलेलं घर घेतलं. कर्ज तेवढंच झालं, स्वयंपाकघर मात्र दोन फुटांनी आखडलं. आता सकाळी मुलीच्या टेबलावर ऊन येतं.

मावशींच्या लेकीचा फोन येतो अधूनमधून. औषधाचा चौथा महिना चालू आहे, वजन वाढतंय. रोज सकाळी मुलाला घेऊन आठ मजले चढून गच्चीवर उन्हात बसते म्हणाली. तेवढंच ऊन तिच्या वाट्याला आहे.