धरणगावात गाडी बंद!

सतराव्या किकनंतर मी मोजणं सोडून दिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी कपाशी, आत्ताच येऊन गेलेली सर आणि तिच्या पाठोपाठ पडलेलं कोवळं ऊन. फोटो काढावा तर अशा वेळी. पण माझी गाडी चालू व्हायचं नाव घेत नव्हती आणि मुळात गाडी माझी नव्हती.

गाडी मामांची. २००६ सालची, शंभर सीसीची, कार्बोरेटर आणि किकवाली. स्वतःच्या मुलालाही त्यांनी ती कधी सुखासुखी दिली नाही. मला दिली, कारण आदल्या संध्याकाळी मी तिला धुतली, पुसली आणि पावसात रंग जाऊ नये म्हणून वरून मेणाचं पॉलिश चोपडून आरशासारखी चमकवली. सरळ सरळ लाच! मामा खूश झाले. जळगावात टाकी फुल करून सकाळी मी निघाले, रात्री पुण्याची ट्रेन होती. सोमवारी सकाळी दहाला मीटिंग. फ्रीलान्सरला असल्या मीटिंगचं महत्त्व विचारू नका; पुढच्या तीन महिन्यांचं घरभाडं त्या एका टेबलावर ठरणार होतं.

आणि जायचं कुठे? धरणगावला. मित्रांनी विचारलं, ‘तिथे काय आहे?’ तिथे १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मले. म्हणजे आपले बालकवी. शाळेत ‘श्रावणमासी’ पाठ केली नाही असा मराठी मुलगा शोधून दाखवा. खानदेश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन तेवढं आठवतं. मग इतका हिरवागार कवी या भागात कसा काय झाला? म्हटलं, श्रावणातच जाऊन बघू. जळगावहून महामार्गाने गिरणेचा पूल ओलांडायचा, पाळधीला वळायचं, एकूण तीसेक किलोमीटर. बाइकवर तासाभराचं काम.

तर पाळधी सोडून थोडं पुढे आले आणि गाडी खोकायला लागली. दोन-चार गचके दिले, मग एकदम शांत. मी नऊ वर्षं बाइक चालवते. घाट केलेत, कोकण केलंय, हेल्मेटवर स्टिकर्स आहेत. पण प्लग नेमका कुठे असतो हे विचारलं असतं तर मी तेव्हा विषय बदलला असता.

दुधाचे कॅन लावलेला एक भाऊ थांबला. ‘काय व्हयनं ताई?’ अहिराणीतला तो ‘व्हयनं’ ऐकूनच अर्धं टेन्शन गेलं. पावसात प्लगच्या टोपीत पाणी गेलं असणार, असं त्याने जाहीर केलं आणि टोपी काढून शर्टाने पुसली. किक मारली, काही नाही. ‘पेट्रोल शे ना?’ मी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. आतून फुस्स आवाज आला. पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, दोन-तीन किक मारल्या आणि गाडी चालू! पाणीच गेलं होतं, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. त्या ‘फुस्स’कडे कोणीच लक्ष दिलं नाही.

धरणगावात मी दीडेक तास फिरले. रविवार, ओल्या गल्ल्या, जिनिंगच्या आवारातली बंद फाटकं, हातगाडीवरची भजी. कवीचं गाव बघायला आल्यावर नक्की काय बघायचं असतं हा प्रश्न मला नेहमीच पडतो. मी आपली गावाबाहेरच्या रस्त्यांवर गाडी घालत होते, कपाशी, ज्वारी, मका बघत. परत येताना स्टेशनच्या अलीकडे पुन्हा तेच. खोकला, गचके, शांतता. वर पावसाची नवी सर.

या वेळी ढकलली. पाऊण किलोमीटर. घामाने आणि पावसाने सारखीच भिजून एका गॅरेजसमोर पोहोचले. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, भिंतीला टांगलेल्या ट्यूब आणि टायरवर बसलेले साठीचे काका. मी काही बोलायच्या आत बाहेरच्या बाकावरचे तिघे बोलले: ‘पाणी गयं.’ काका उठले नाहीत. ‘बठा,’ म्हणाले, ‘किक मारू नका.’ मग माझं मराठी ऐकून तेही अहिराणीवरून मराठीवर आले.

पहिला प्रश्न असा होता, जो मला कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी विचारलेला नाही: ‘बंद कशी पडली? एकदम, का खोकत खोकत?’

खोकत, मी म्हटलं.

‘मग पाणी नाही. करंट गेला तर बहुतेक वेळा गाडी एकदम मरते, दिवा विझल्यासारखी. खोकत मरते ती उपाशी मरते.’

बाकावरचे तिघे गप्प. काकांनी त्यातल्या एकाला बिडीसकट रस्त्यापलीकडे पाठवलं आणि प्लगपाना माझ्या हातात दिला. मला वाटलं, धरायला दिला. ‘खोला,’ म्हणाले. पहिल्यांदा पाना सटकला, बोटाचं कातडं गेलं. दुसऱ्यांदा प्लग फिरला. बाहेर काढला तर कोरडा ठणठणीत. आता बघा, एवढ्या किक मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला झालेला असायला हवा. ओला असता तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, मग करंट शोधायचा. काळा काजळी धरलेला असता तर पॉलिश पेपरने घासायचा, एअर फिल्टर बघायचा. कोरडा, म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोहोचतच नाही. खात्रीसाठी त्यांनी प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, प्लगच्या भोकापासून चांगला लांब, आणि मला किक मारायला सांगितलं. निळी ठिणगी चटकन दिसली. करंट पास.

मग कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून खाली बाटली धरली. कॉक चालू. पेट्रोलची धार आली, बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. टाकी भरलेली आणि नळी कोरडी! कचरा अडकला असेल, मी हुशारी दाखवली. काकांनी उत्तर न देता टाकीचं झाकण उघडलं.

फुस्स. आणि बाटलीत पुन्हा भरभरून धार.

‘टाकीना दम कोंडाई गया,’ काका बाकाकडे बघून म्हणाले.

टाकीतलं पेट्रोल खाली जातं तेव्हा त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीकसं छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. भरलेल्या ग्लासातल्या स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबलं की कोल्ड्रिंक खाली पडत नाही ना, तसंच. टाकी काठोकाठ भरलेली असली की वर हवा थोडीच, त्यामुळे हे लवकर होतं. त्यातून थंड पाऊस टाकीवर पडला की आतली हवा आणि वाफ आणखी आकसते. म्हणून दोन्ही वेळा गाडी पावसातच मेली आणि सगळ्यांनी पावसाला दोष दिला. सकाळी तिला जिवंत केलं ते दुधवाल्या भाऊच्या शर्टाने नाही, झाकण उघडण्याने.

छिद्र साफ करायला बारीक तार हवी होती, ती सापडेना. मी स्कार्फची सेफ्टी पिन काढून दिली. दिवसभरात माझा एवढाच तांत्रिक सहभाग. पिनेच्या टोकावर पांढरं, घट्ट काहीतरी आलं. काकांनी ते अंगठ्यावर घेऊन चोळलं, वास घेतला. ‘पॉलिश कोणी केलं गाडीला?’

मी पावसाकडे बघत राहिले.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीला कार्बोरेटर नसेल हे मला माहीत आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बाइकमध्ये इंजेक्शन बसलं. तिथे चावी फिरवल्यावर दोन सेकंद पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज किंवा बॅटरीपासून सुरुवात करायची. स्टार्टर नुसता कटकट करत असेल तर बॅटरीच उतरली आहे. आणि त्याही आधी हँडलवरचं लाल बटण बघा. काका म्हणाले, ढकलत आणलेल्या गाड्यांत एखादी तरी अशी असते की कोणीतरी जाता जाता ते बटण दाबलेलं असतं. साइड स्टँड खाली राहिला तरी बऱ्याच नव्या गाड्या चालू होत नाहीत. बाकी नव्या गाड्यांना मशीन लावावं लागतं, ते काकांकडे नाही. ‘पण झाकणाला छिद्र तिलाही लागतं,’ असं ते जरा समाधानानेच म्हणाले.

चहा आला. पाऊस थांबेना. गावाबद्दल थोडं वाचून आले होते, ते मी ऐकवलं. १६७४ च्या सुमारास इंग्रजांनी इथे कापडासाठी वखार घातली, पुढच्या पाच-सहा वर्षांत मराठी फौजांनी गाव दोनदा लुटलं. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली ती याच गावात राहून. काका ऐकत होते, प्लग घासत होते. मग मी बालकवींचं नाव काढलं.

‘ते रेल्वेखाली गेले ते?’

हो, तेच. ५ मे १९१८, जळगाव-भुसावळमधल्या भादली स्टेशनजवळ. वय सत्तावीस. जळगावला १९०७ मध्ये कविसंमेलन भरलं, तिथे या सतरा वर्षांच्या मुलाच्या कविता ऐकून अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षं. माझं वय आज त्यांच्यापेक्षा जास्त आहे, हे मी मोठ्याने बोलले नाही. श्रावण लिहिणारा माणूस भर मे महिन्यात गेला, हेही तिथे बसल्यावरच लक्षात आलं. बाकावरचा एकजण म्हणाला, आम्हाला शाळेत होती त्यांची कविता. चौघांनीही मान हलवली आणि थोडा वेळ कोणीच बोललं नाही. पलीकडून मालगाडी गेली, लांबलचक.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. काकांनी पन्नास रुपये सांगितले. मी शंभरची नोट दिली तर पन्नास परत केले, पिन मात्र विसरले. तीही मी विसरले. स्कार्फ उडू नये म्हणून जळगावपर्यंत त्याचं टोक दातात धरून आले.

मामा फाटकातच उभे. ट्रेनला तासभर होता. ‘काही त्रास दिला का गाडीने?’

गाडीने नाही, मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. पॉलिशसकट. मामा ऐकता ऐकता झाकण उघडून छिद्रातून फुंकर मारून बघत होते. ओरडले नाहीत. आत जाऊन मामीला म्हणाले, ‘तुझ्या बांगडीतली एक पिन दे.’ एका पिशवीत ती गुंडाळून त्यांनी गाडीच्या टूलकिटमध्ये ठेवली. मामीने दुसरी काढून माझ्या स्कार्फला लावली आणि म्हणाली, रिक्षा बोलाव आता, पळ.